धर्माच्या बापाची वाटी

येउंग पाक-सेंग यांचा परवाना आता चालणार नाही, हे आमच्या गल्लीत त्यांच्याआधी त्यांच्या न्हाव्याला कळलं. वर्तमानपत्र न्हाव्याकडे येतं. बड्या गिऱ्हाइकांना कॅसिनोत घेऊन यायचं, त्यांची राहण्याखाण्याची सोय बघायची आणि त्याबद्दल कॅसिनोकडून दलाली घ्यायची, हा मकावमधला जुना धंदा. सरकारी भाषेत याला जुगाराचं प्रवर्तन म्हणतात, गल्लीत नुसतं ‘माणसं आणणं’ म्हणतात. आजवर या धंद्याचा परवाना एकट्या माणसाच्या नावावर मिळत असे. नव्या कायद्याने तो फक्त कंपनीला मिळणार होता, आणि कंपनीचे मालक नि संचालक सरकारच्या दृष्टीने ‘योग्य’ माणसं असायला हवी होती.

योग्य म्हणजे कोण, यावर न्हाव्याच्या दुकानात चर्चा झाली.

“ज्याच्यावर खटला नाही तो,” न्हावी म्हणाला.

“आणि ज्याच्या उठण्याबसण्यातल्या माणसावर खटला नाही तो,” येउंग स्वतःच म्हणाले. “म्हणजे मी नाही. मान आणखी खाली करू का?”

त्यांच्या उठण्याबसण्यातले माणूस म्हणजे पुन तिन-लोक. दोघांनी तरुणपणी एकत्र माणसं आणली. पुढे पुननी परवान्याबाहेर, चोरून पैजा घ्यायला सुरुवात केली, पकडले गेले, आणि आता कोलोआनच्या तुरुंगात होते. खटल्यात येउंगांचं नाव साक्षीदार म्हणून आलं होतं. दोष काही नव्हता, पण नाव आलं होतं.

म्हणून कंपनी निघाली ती मुलीच्या, किउ-लानच्या नावाने.

किउला हे हवंच होतं. बड्या गिऱ्हाइकांना खेळायला बसवायची वडिलांची कॅसिनोत एक खास खोली होती, तिचं सगळं काम गेली कित्येक वर्षं तीच करत होती. कोणत्या गिऱ्हाइकाला दरवाजाकडे पाठ करून बसवायचं नाही, कोण अपशकुन मानून पुढच्या मोठ्या दाराने आत शिरणार नाही आणि बाजूच्या दारानेच आणावं लागतं, कोण हरल्यावर पेज मागतो आणि कोण हरल्यावर बायकोला फोन लावून रडतो, हे तिला ठाऊक. गिऱ्हाइकं तिलाच शोधत येत. पण दारावर पाटी वडिलांची, सही वडिलांची, आणि कॅसिनोच्या साहेबांचे नमस्कारही वडिलांनाच.

“मावशी, एकदा माझ्या नावाने ही खोली चालवायची आहे,” ती मला म्हणाली होती. “मग बंद पडली तरी चालेल. पण माझ्या नावाने बंद पडू दे.”

मला गल्लीत उपासमावशी म्हणतात. गल्लीच्या टोकाला कुन यामआईचं छोटं देऊळ आहे, तिथलं झाडणं-सारवणं माझ्याकडे असतं. आई करुणेची देवी आहे. तिच्यापुढे कोण काय मागतं ते मी ऐकते, आणि विसरायचा प्रयत्न करते. किउ लहानपणापासून येते. तिने कधी पैसे मागितलेले मी ऐकले नाहीत. त्या वर्षी मात्र तिने परवाना मागितला.

चौकशीला सरकारी कार्यालयातून मोक साहेबांनी बोलावलं. मोक तरुण, चष्म्याचे, हळू बोलणारे. त्यांची सासू सोई मावशी आमच्याच गल्लीत राहते, पण ते मोकनी किंवा किउने मनात आणलं नाही. त्यांनी शाळेपासूनचं सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाले, “पुन तिन-लोक तुमचे कोण?”

“बाबांच्या ओळखीचे,” किउ म्हणाली. “जुने.”

“तुमचे?”

“माझे कोणी नाहीत.”

मोकनी ते लिहून घेतलं.

आता पुन किउचे कोण, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. किउ जन्मली तेव्हा ज्योतिषाने पत्रिका बघून सांगितलं की हिचे ग्रह बापाच्या ग्रहांना जड आहेत, हिला कुणाच्या तरी ओटीत द्या. ओटीत द्यायची म्हणजे मूल घरीच राहतं, फक्त धर्माचा बाप दुसरा होतो. पुन चिनी पंचांगातल्या वाघाच्या वर्षी जन्मलेले, तीन मुलगे असलेले, अंगाने धिप्पाड. ग्रहांना ते भारी पडतील असं ठरलं. आमच्या देवळात चहा पाजून विधी झाला. पुननी मुलीला वाटी, काड्या आणि कपडे दिले. तेव्हापासून दर वर्षअखेरीला पुनच्या घरून भात यायचा, त्या वाटीत वाढला जायचा, आणि किउने पहिला घास त्यातलाच खायचा असे. ते तुरुंगात गेल्यावर भात आला नाही. किउच्या आईने घरचाच भात त्या वाटीत वाढला. किउ पुनना धर्मबाबा म्हणायची.

त्या दिवशी चौकशीहून परत आल्यावर तिने घरी सांगितलं, “मी नाही म्हणून आले.”

“बरं केलंस,” येउंग म्हणाले. “धर्माची नाती सरकारी कागदावर नसतातच.”

“कागदावर नसतात, पण लोकांच्या तोंडावर असतात,” तिची आई म्हणाली. “उद्या कुणी विचारलं तर? मी कधीची सांगत होते, लग्न कर. लग्न झालं की धर्माच्या बापाचं नातं आपोआप सुटतं. नवराही मिळाला असता आणि परवानाही.”

“मग जाहिरात देऊ का? परवान्यासाठी नवरा पाहिजे?”

“थट्टा नको करूस. आपण ते नातं रीतसर सोडवून घेऊ. म्हणजे तू बोललीस ते खरं होईल.”

माणसं असंच करतात. खोटं बोलून झाल्यावर ते खरं करायला धावतात, आणि तेही देवाच्या दारात. मी हे वाईट म्हणून सांगत नाही. देवळं निम्मी त्यासाठीच आहेत.

नातं सोडायचा विधी असा की धर्माच्या बापाला शेवटचा चहा द्यायचा, त्याने दिलेली वाटी आईपुढे पालथी ठेवायची, आणि मग भाजलेल्या डुकराचा वाटा घरोघर पोचवायचा. धर्माचा बाप तुरुंगात. मग किउच्या आईला आठवलं की पुन एकदा पावसात त्यांच्याकडे कोट विसरून गेले होते. तो कोट खुर्चीच्या पाठीवर चढवला. खुर्चीपुढे चहा ठेवला. कोट मोठा होता, त्यामुळे खुर्चीत माणूस बसून डुलकी काढतोय असं वाटत होतं.

“तिन-लोक, चहा घे,” येउंग कोटाला म्हणाले. आणि मग जरा वेळाने, “गरम आहे, जपून.”

ते बोलून गेले आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

हे सगळं पहाटे झालं, कारण मुहूर्त तसा होता. देवळातली पहिली उदबत्ती मी लावते, आणि ती विझेपर्यंत बोलत नाही. हे व्रत मी माझी आई गेल्यापासून पाळते. किउने कापडातून वाटी काढली आणि आईपुढे पालथी ठेवली. मी शेजारीच उभी होते. वाटीच्या बुडाला दुकानाची चिकटपट्टी तशीच होती, किमतीसकट.

पुननी दिलेली वाटी मी पाहिली आहे. तिच्या काठाचा टवका उडालेला आहे. किउने लहानपणी ती आमच्या पायरीवर आपटली होती.

उदबत्ती अजून जळत होती. मी बोलले नाही. किउने माझ्याकडे पाहिलं आणि पट्टी दिसू नये म्हणून वाटीवर हात ठेवला. उदबत्ती विझली तोवर ते सगळे डुक्कर आणायला गेले होते.

“डुक्कर नको,” येउंग वाटेत म्हणत होते. “गाजावाजा कशाला? आईने पाहिलं, पुरे.”

“वाटा पोचला नाही तर सुटत नाही,” बायको म्हणाली. “देवाला तरी चोरून कसं सांगायचं? गल्लीने खाल्लं पाहिजे. गल्लीने बांधलेलं गल्लीनेच सोडायचं.”

खमंग कातडीचे तुकडे केळीच्या पानात बांधून घरोघर गेले. मी मांस खात नाही, म्हणून मला बदामाची बिस्किटं दिली. सोई मावशीकडे जरा मोठा वाटा गेला, कारण रविवारी तिच्याकडे लेक-जावई जेवायला येतात हे सगळ्यांना माहीत होतं. जावई कोण, हे त्या क्षणी कुणाच्या डोक्यात आलं नाही. किउच्या आईच्या मनात फक्त एवढंच होतं की कमी पडायला नको.

मोक साहेबांनी रविवारी सासूकडे दोन तुकडे खाल्ले. कातडी उत्तम कुरकुरीत होती, असं सोई मावशी पुढे कितीतरी दिवस सांगायची.

“कुणाकडचं हे?” त्यांनी विचारलं. “लग्न कुणाचं?”

“लग्न कुठलं. येउंगांच्या किउने धर्माचा बाप सोडला. तो पुन रे, तुरुंगातला. घे ना अजून.”

मोकनी काड्या खाली ठेवल्या. बायको म्हणाली, “काय झालं, कच्चं आहे का?” ते म्हणाले, “नाही. चांगलं भाजलंय.” आणि पुढे भातच खाल्ला.

सोमवारी त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं की एका अर्जदाराच्या घरून आलेलं डुकराचं मांस आपल्याकडून अजाणता खाल्लं गेलं आहे, दोन तुकडे, आणि त्यासोबत काही माहितीही मिळाली आहे. कार्यालयात पुढे बरेच दिवस त्यांना जेवणाच्या सुट्टीत ‘तिसरा तुकडा घेणार का’ असं विचारत. पण कळवलं ते नियमाला धरूनच होतं.

वरिष्ठ होत्या मादाम रोझारिओ. पोर्तुगीज आडनावाच्या, आजी-पणजी इथल्याच, कँटोनीज आपल्यासारखी बोलणाऱ्या. त्यांनी किउला पुन्हा बोलावलं. मोक बाजूला बसले.

“मलाही धर्माचा बाप आहे,” मादाम म्हणाल्या. “मी तान्ही असताना पाद्रीने डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा हजर होता. त्यानंतर तो लिस्बनला गेला. दर नाताळला पत्र येतं, त्यात माझं नाव चुकवतो. तुमचा बाप तसा आहे का?”

“नाही,” किउ म्हणाली.

“मग कसा आहे?”

किउने मोककडे पाहिलं. ते कागदाकडे पाहत होते.

“हे बघा, मला फार खोलात जायचं नाही. एकच सांगा. तो विधी नुसता तुमच्या आईच्या समाधानासाठी होता, त्यात काही अर्थ नाही, असं असेल तर तुम्ही पहिल्या दिवशी बोललात ते खरं. पुन तुमचे कोणी नव्हते, आणि आमच्या मोकनी नुसतं डुक्कर खाल्लं. पण विधीला अर्थ असेल, तर तुम्ही गेल्या आठवड्यापर्यंत त्यांची मुलगी होतात, आणि त्या दिवशी इथे बसून आम्हाला खोटं सांगितलंत. दोन्हीतलं काय लिहू? गुरुवारी या.”

हे किउने मला स्वतः सांगितलं, देवळाच्या पायरीवर बसून. वकिलांनी सांगितलं होतं, ‘रूढी’ म्हणा, बाकी काही बोलू नका. वडिलांनीही तेच सांगितलं होतं.

“बाबा म्हणाले, एक शब्द आहे. रूढी. तोंडातून काढ, परवाना खिशात.”

“मग?”

“तुम्ही काय म्हणाल?”

“मी काय म्हणणार? मला पत्ते ओळखता येत नाहीत.”

ती हसली. मग आत पाहत म्हणाली, “ती वाटी काढून टाकली का तुम्ही?”

“आईपुढे ठेवलेलं मी काढत नाही.”

“पट्टी दिसली होती ना तुम्हाला?”

“दिसली.”

“बोलला नाहीत.”

“उदबत्ती जळत होती.”

“आणि विझल्यावर?”

“विझल्यावर तू नव्हतीस. आणि मला कुणी विचारलं नव्हतं.”

ती जरा वेळ पायरीवरच्या त्या जागेवर बोट फिरवत बसली, जिथे तिने लहानपणी वाटी आपटली होती. तिथे काही खूण नाही. पण तिला जागा माहीत होती.

“त्या पहाटे मी कपाट उघडलं,” ती म्हणाली. “वाटी हातात घेतली. नाही उचलवली मावशी. म्हणजे उचलली, पण घेऊन बाहेर पडवेना. आदल्या दिवशीच बाजारातून दुसरी आणून ठेवली होती. मला आधीच माहीत होतं बहुतेक, हे असं होणार. मी आठ वर्षांची असताना मला ताप आला होता. बाबा तेव्हा कॅसिनोच्या खोलीत होते, कोणी मोठा माणूस आला होता हाँगकाँगहून. धर्मबाबांनी मला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. वाटेत सारखे म्हणत होते, तू काळजी करू नकोस, मी वाघ आहे. त्यांनी पुढे काय केलं ते मला माहीत आहे. लोकांचे पैसे बुडाले. ते त्यांचं. पण मी नाही म्हटलं, ते माझं.”

त्या वेळी उदबत्ती जळत नव्हती, तरी मी बोलले नाही.

गुरुवारी ती गेली. मोक साहेबांनी पाणी दिलं. मादाम रोझारिओंनी विचारलं, “काय लिहू?”

“लिहा की ते माझे धर्माचे वडील आहेत,” किउ म्हणाली. “होते नाही, आहेत. विधी झाला तो खोटा. मी दुसरीच वाटी ठेवली. आणि पहिल्या दिवशी मी खोटं बोलले.”

मोकनी लिहून घेतलं. मादामनी ते वाचून पाहिलं आणि बराच वेळ पेनाचं टोपण काढून घालत बसल्या.

“पहिल्या दिवशी हे सांगितलं असतंत, तर मी एवढंच विचारलं असतं की ते तुरुंगातून तुमच्या धंद्यात हात घालतात का. तुम्ही नाही म्हणाला असता. आम्ही तपासलं असतं. धर्माचा बाप असणं हा गुन्हा नाही, किउ-लानबाई. ज्योतिषाने ठरवलेल्या नात्याबद्दल मी कुणाचा परवाना अडवत नाही.”

“आता?”

“आता तुम्ही खोटं बोलल्याचं लिहिलेलं आहे. मी नाही लिहिलं, तुम्ही सांगितलंत. ज्या माणसाच्या हातून एवढा पैसा जातो, त्याच्याबद्दल आम्हाला हीच एक गोष्ट ठरवायची असते.”

परवाना नामंजूर झाला. पुन्हा अर्ज करायला बंदी नव्हती, पण काही काळ थांबावं लागणार होतं. तोवर कॅसिनोने ती खोली दुसऱ्या कंपनीला दिली.

किउच्या आईने आधी डोकं धरलं, मग वाटीचं ऐकल्यावर डोक्यावरचा हात काढला. दोन दिवसांनी ती देवळात आली आणि म्हणाली, “म्हणजे डुक्कर वाया गेलं.”

“गल्लीने खाल्लं,” मी म्हणाले.

“सुटलं नाही पण.”

“नाही. सुटलं नाही.”

“मग बरं झालं,” ती म्हणाली. नेमकं काय बरं झालं ते मी विचारलं नाही.

येउंगांनी न्हाव्याच्या दुकानात जाणं थोडे दिवस बंद ठेवलं. त्यांचे केस कानावर आले. मग गेले. न्हाव्याने त्यांना ज्याला खोली मिळाली त्या माणसाची हकीगत सांगितली. त्याला मोक साहेबांनी विचारलं, तुमचे नातेवाईक सांगा. त्याने आईवडिलांपासून सुरुवात केली आणि मग धर्माची आई, धर्माचे दोन बाप आणि शेवटी, लहानपणी त्याला एका देवाच्या ओटीत दिलं होतं म्हणून, तो देवही सांगितला. मोक साहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि देवाचा पत्ता विचारला.

“आणि त्याने काय सांगितलं?” येउंगांनी विचारलं.

“मंदिराचा सांगितला. दार क्रमांकासकट.”

येउंग हसले. गल्लीतल्या लोकांनी त्यांना बऱ्याच दिवसांनी हसताना पाहिलं.

किउ आता त्याच कॅसिनोत, त्याच मजल्यावर, नव्या कंपनीकडे पगारावर काम करते. जुनी गिऱ्हाइकं अजून तिलाच शोधत येतात, बाजूच्या दाराने. दारावर पाटी दुसऱ्याची, सही दुसऱ्याची. थांबायचा काळ संपला की ती पुन्हा अर्ज करणार आहे. मोक साहेबांनी सासूकडे सांगितलं म्हणे, की तिने अर्ज घेऊन यावं. त्यांच्याकडे रविवारी कुणाकडूनही काही आलं तर ते आता आधी विचारतात, हे कुणाकडचं, आणि मग खातात किंवा खात नाहीत.

वर्षअखेरीला किउ कोलोआनला जाऊन पुनना भेटून आली. बाहेरचं अन्न आत नेता येत नाही. तिने घरी भात केला, टवका उडालेल्या वाटीत वाढला आणि पहिला घास खाल्ला. तिचे वडील समोर बसले होते. त्यांनी आपली वाटी पुढे केली आणि म्हणाले, “थोडा त्यातलाच दे. मलाही त्याने कधी काही दिलं नाही असं नाही.”

बाजारातली वाटी अजून आईपुढेच आहे. ठेवलेलं काढायचं नाही, पण रिकामं तरी का राहू द्यायचं, म्हणून मी ती सुलटी केली, आणि रोज सकाळी तिच्यात आईसाठी ताजं पाणी भरते. चिकटपट्टी पाण्याने निम्मी निघाली आहे. किंमत अजून वाचता येते.